परसातले दुरै

अक्षराची आणि शुद्धलेखनाची माफी आधीच मागून ठेवते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही तमिळ शाळा. ही बाळबोध अक्षरं वडिलांनी घरी पंचांगावर बोट ठेवून शिकवली. तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर, त आणि द यांनाही एकच, त्यामुळे अजून लिहिताना हात अडतो आणि गाडीची काडी होते. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने देते, मीठ घालावं तसं. कुणाच्या हाती ही वही पडलीच तर त्याने सांभाळून घ्यावं. पडेल असं वाटत नाही. आमच्या घरातल्या पोरांना मराठी बोललेलं कळतं, पण वाचता येत नाही. मोठ्यांना वाचता येतं, असं मोठे सांगतात. म्हणून तर मी ह्याच अक्षरांत लिहिते आहे. तोंडाने मी कुणाला काही बोलत नाही. बोलायची वेळ आली की माझे कान लाल होतात आणि पदर आपोआप तोंडाशी जातो.

मात्र एका शब्दाची माफी मागणार नाही, कारण तो शब्द कसा लिहायचा हे आमच्या घरात कुणालाच कधी कळलं नाही. ते एका द्राक्षाचं नाव. फ्रान्स देशातलं काळं द्राक्ष, दारू करायचं. दुरास. कंपनीच्या कागदावर ते तमिळमध्ये छापलं होतं, आणि छापणाऱ्याने शेवटचं अक्षर असं काही दिलं होतं की मी पहिल्यांदा वाचलं ते दुराशा. मी हळूच वाचलं होतं, पण थोरल्या दिरांच्या कानावर गेलं. ते माझ्या यजमानांकडे बघून म्हणाले, "चौथीपर्यंतच शिकवलं की असं होतं बघ." मग स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी काय वाचलं ते मला नीट कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं, कारण दुसऱ्या वेळी त्यांनी वेगळं वाचलं.

ती वर्षंच तशी होती. दिल्लीत कुणीतरी दार उघडलं होतं आणि आता बाहेरचं सगळं आत येणार, असं रोज पेपरात असायचं. आमची गल्ली तंजावुरच्या राजवाड्याच्या मागची. तिथे आधी आली केबल टीव्हीची वायर, राजवाड्याच्या भिंतीवरून लोंबत. मग पिवळ्या पाटीचा फोन बूथ. मग स्कीमा. सागवानाची स्कीम होती, म्हणजे आज रोपाचे पैसे भरा आणि पोरीच्या लग्नाला झाड विका. ज्यांच्या घरी तुळस धड जगत नव्हती ते सागवानाचे मालक होऊन हिंडत होते.

माझे थोरले दीर ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत होते. रोज बसने जायचे, बसने यायचे आणि दोन्ही वेळा पेपर वाचायचे, म्हणून जगाच्या बातम्या घरात आणायचं काम त्यांचं. माझे यजमान टाऊन बसवर कंडक्टर. दिवसभर लोकांना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून ओरडायचे आणि घरी आले की दादासमोर स्वतः मागे सरकायचे. थोरल्या जावेला मी अक्का म्हणायचे. देवाने दोघींच्या वाटणीची जीभ तिला एकटीलाच दिली होती, आणि ती पुरेपूर वापरायची.

आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. त्यांनीही तिच्याशी बोलायचं नाही. मी जेवायला वाढताना भिंतीला विचारायचे, "भात हवा का म्हणावं." ते लोट्याकडे बघून म्हणायचे, "पुरे म्हणावं." अशी वर्षानुवर्षं भिंत आणि लोटा आमच्यात निरोप्यांचं काम करत होते. कुणाची तक्रार नव्हती. मला तर ते सोयीचंच होतं.

मी इडलीचं पीठ विकायचे. दगडी रगड्यावर वाटायचं आणि गल्लीत चार घरी द्यायचं. वाटून वाटून उजव्या खांद्यात कळ बसली होती. कॉलेजच्या पोरांची मेस चालवणाऱ्या एका माणसाने अक्काजवळ सांगून ठेवलं होतं, रोज दोन बादल्या पीठ देणार असाल तर मी कायम घेतो. दोन बादल्या हाताने होत नाहीत. त्याला विजेचं ग्राइंडर लागतं. म्हणून मी गल्लीतल्या बायकांच्या भिशीत पैसे टाकत गेले. इथे भिशीला चीटु म्हणतात. माझी पाळी आली आणि चार हजार रुपये हातात पडले. दुकानात जाऊन मी ग्राइंडर बघूनही आले होते, हिरव्या रंगाचं. किंमत विचारायची मला लाज वाटली म्हणून अक्काला पुढे केलं. तिने किंमत विचारली, ती ऐकून दुकानदाराचा बाप काढला, आणि आम्ही आनंदात घरी आलो.

त्याच आठवड्यात दीर माझ्या यजमानांना घेऊन मद्रासच्या एका कंपनीच्या सभेला गेले. गावातलाच लग्नाचा हॉल होता, शेजारी कंपनीची खोली. आल्यावर यजमानांनी सगळं सांगितलं. पंखे होते, गळ्यात टाय बांधलेला माणूस होता, प्रत्येकाला लाल सरबत दिलं. तो माणूस म्हणाला, फ्रान्समधली जी द्राक्षं जगाला माहीत आहेत ती सगळेच लावतात, म्हणून त्यांना भाव नाही. हे दुरास तिथल्या एका कोपऱ्यातच होतं, बाहेर कुणाला माहीत नाही. म्हणून ह्याला भाव. तुम्ही रोपं घ्या, द्राक्षं पिकवा, कंपनी घरी येऊन परत विकत घेईल. त्याच्या वाईनला म्हणे मिऱ्यांचा वास येतो.

"मिऱ्यांचा वास हवा असेल तर रसम करते की मी," अक्का म्हणाली. "त्याला फ्रान्स कशाला?"

"तुला कळायचं नाही," दीर म्हणाले. "हे निर्यातीचं आहे."

"पण ती दारूच ना?"

"वाईन म्हणजे दारू नव्हे."

"मग काय, तीर्थ?"

चातुर्मासात आमच्या घरात कांदा येत नाही. पण परसात दारूचं द्राक्ष यायला कसली अडचण दिसेना, कारण ते परदेशी होतं. शिवाय दिरांना अशी एक आठवण होती की आमचे पूर्वज राजांच्या पदरी होते आणि राजांच्या बागेत द्राक्षाचे मांडव होते. ही आठवण त्यांना त्याच आठवड्यात झाली. राजवाड्यातल्या ग्रंथालयात मोडीचे कागद आहेत, त्यात हे सगळं लिहिलेलं आहे, असं ते सांगायचे. त्यांना मोडी येत नव्हती. त्यामुळे कागदांनीही कधी हरकत घेतली नाही.

रोपांना पैसे हवे होते. दिरांचे पैसे आधीच सागवानात उगवत होते. मग ते ओसरीवर बसून माझ्या यजमानांना म्हणाले, "हिच्या चीटुचे आले आहेत ना? दोन वर्षांनी परत देतो म्हणावं. पहिल्या पिकातच फिटतील."

यजमान दाराशी आले. "दादाला हवे आहेत," म्हणाले, जणू दादांना चहा हवा होता.

मी दाराआड उभी होते. मी मान हलवली, नाही म्हणून हलवली. पण दार मध्ये होतं, आणि दाराआडून हलवलेली मान ज्याला जशी हवी तशी दिसते. यजमान वळून म्हणाले, "हो म्हणते आहे." माझं हिरवं ग्राइंडर तिथल्या तिथे फ्रान्सला गेलं.

रोपं आली ती लाकडी खोक्यातून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. सात काड्या होत्या. पान नाही, मूळ असलं तर दिसत नव्हतं. अक्काने एक उचलली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "चार हजारांची दातवणं. आता दात तरी फ्रान्सच्या लोकांसारखे होतील."

परसात लोखंडी नळ्यांचा मांडव झाला. धुणं वाळत घालायची दोरी त्यासाठी काढली गेली, आणि महिनाभर आमची लुगडी रस्त्याच्या बाजूच्या ओसरीवर वाळत होती. पाणी घालायचं काम कुणाचं, ह्यावर चर्चा झाली नाही. विहीर माझ्याकडे होती, बादली माझ्याकडे होती, म्हणून काम माझ्याकडे आलं. म्हणजे पैसेही माझे आणि पाणीही माझं. मालक मात्र दीर. संध्याकाळी कचेरीतून आले की हात मागे बांधून ते मांडवाखाली फेरी मारायचे आणि काड्यांकडे अशा नजरेने बघायचे की त्यांनी लाजून तरी पालवावं.

चित्तिरैचं, म्हणजे चैत्र-वैशाखाचं ऊन पडलं आणि सहा काड्यांनी जीव सोडला. विहिरीजवळची एक, जिला धुण्याचं पाणी जायचं, ती तेवढी तगली. तगली म्हणजे अशी, की दोन पावसाळ्यांत मांडवभर पसरली. पानं केवढी, तर त्यावर जेवायला वाढावं. द्राक्ष मात्र एक नाही.

आता नावाचं सांगते. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे फुलं विकणारी एक तमिळ बाई राहते. ती भिंतीवरून डोकावून एकदा विचारायला लागली, हे झाड कसलं? दीर ताठ उभे राहून म्हणाले, "दुरास." तिला ऐकू आलं दुरै. तमिळमध्ये दुरै म्हणजे गोरा साहेब, मोठा माणूस, ज्याच्यासमोर लोक छत्री मिटून उभे राहतात. तिला ते फार पटलं. परदेशातून आलेलं, काही काम न करणारं आणि दिवसभर पाणी पिणारं, त्याला दुसरं काय म्हणायचं? चार दिवसांत सगळी गल्ली त्या वेलाला दुरै म्हणायला लागली.

हे दिरांना कुणी सांगितलं नाही. त्यांना एवढंच ऐकू यायचं, की आपण गल्लीतून चाललो की मागून कुणीतरी म्हणतं, "दुरै कसे आहेत?" त्यांना वाटलं, फ्रान्सशी संबंध आल्यापासून लोक आपल्याला ओळखायला लागले. ते मान किंचित झुकवायचे. त्यांनी बूट घेतले. ओरत्तनाडूच्या बसला, जिथे चढायला रोज तीन माणसांच्या बगलेतून जावं लागतं, ते पांढरी टोपी घालून जायला लागले. माझे यजमान त्या टोपीकडे बघून नेहमीसारखे बाजूला सरकले. कंडक्टरला सगळ्या प्रकारचे लोक बघायची सवय असते.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका सकाळी अक्का त्यांच्या मागोमाग देवळात निघाली होती, आणि फुलवालीने हार विणता विणता विचारलं, "दुरै कसे आहेत?"

"बरा आहे," दीर म्हणाले.

"पानं पिवळी पडलीत म्हणे."

अक्काने तिथेच रस्त्यात बसून घेतलं. हसून उठता येईना. देवळात त्या दिवशी ती गेलीच नाही. घरी परत आली, आणि मला पूर्ण सांगायला तिला तीनदा सुरुवात करावी लागली. दिरांनी टोपी त्या दिवसापासून घातली नाही. बूट घातले, कारण त्यांना पैसे पडले होते.

त्यानंतर त्यांनी कंपनीला पत्र टाकून विचारलं, वेल फळ का धरत नाही? उत्तर आलं. कंपनीकडून आलेलं ते शेवटचं. त्यात होतं की ह्या द्राक्षाला हिवाळ्यात झोप लागते, थंडीशिवाय ते फळत नाही. तंजावुरात थंडी म्हणजे मार्गळी महिन्यात पहाटे डोक्याला मफलर गुंडाळून लोक दारापुढचे कोलम, म्हणजे रांगोळ्या, बघायला बाहेर येतात, तेवढीच. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. दिरांनी बर्फ मागवला.

बर्फ कुठे मिळतो तर मासळी बाजारात. हातगाडीवर भुसा आणि गोणपाट टाकून दोन लाद्या आल्या. त्या वेलाच्या बुडाशी ठेवल्या. दीर मफलर बांधून शेजारी उभे राहिले, बहुधा वेलाला सोबत म्हणून. उन्हं वर आली आणि आमच्या परसाला, जिथे लसूणसुद्धा जपून ठेचतात, असा वास सुटला की दोन गल्ल्यांतली मांजरं भिंतीवर येऊन बसली. फुलवाली भिंतीवरून म्हणाली, "दुरैंच्या घरी आज मासे का?"

अक्का दारातून म्हणाली, "नाही गे बाई, हिवाळा आलाय आमच्याकडे."

ह्या सगळ्यात माझा खांदा दुखतच होता. मेसवाला मधे येऊन विचारून गेला. अक्काने त्याला सांगितलं, पोंगलनंतर. कोणत्या पोंगलनंतर ते सांगितलं नाही.

मग एकदा खरोखरच फ्रान्सचा माणूस आला. राजवाडा बघायला अशी माणसं येतातच. हा लाल तोंडाचा, अर्ध्या चड्डीतला, सोबत बायको. ते ग्रंथालयातून बाहेर पडत असताना दिरांनी त्यांना गाठलं आणि इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे, पण ती दोघं मागोमाग आमच्या परसात आली. अक्काने कॉफी केली. दीर वेलाखाली उभे राहिले, एक हात मांडवाच्या नळीवर, आणि म्हणाले, "दुरास."

तो माणूस हसला. काहीतरी बोलला. दिरांनी पुन्हा सांगितलं, "दुरास. फ्रान्स. रेड वाईन." त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने खांदे उडवले. मग त्याने बराच वेळ काहीतरी समजावलं. ते गेल्यावर दिरांनी सांगितलं नाही, पण माझे यजमान त्या दिवशी घरी होते आणि टुरिस्टांशी बोलण्यापुरतं इंग्रजी त्यांना येतं. ते रात्री जेवताना म्हणाले, "त्याने ह्या द्राक्षाचं नावही ऐकलेलं नाही. दुरास नावाचं एक गाव आहे म्हणतो. तिथे त्याची आत्या राहते."

"बरं झालं," अक्का म्हणाली. "निदान आत्येचा पत्ता लागला."

त्या बाईने फोटो काढला तो वेलाचा नाही, विहिरीचा. त्या फोटोत मी आले असेन, पदर तोंडाशी घेतलेली.

आणि मग, एवढ्या सगळ्यानंतर, वेलाला घोस आला. एकच. दीर रोज त्याला बघायचे, पाखरांपासून जपायला त्यांनी स्वतःच्या बनियनची पिशवी त्यावर बांधली. घोस पिकला तो त्या सरबतवाल्याने सांगितला तसा नाही. एकाच घोसात काही मणी हिरवे, काही तांबूस, काही काळे, जणू तीन झाडांचे गोळा करून बांधलेत. सगळ्यांना एकेक काळा मणी वाटला. मी दाराआड जाऊन खाल्ला. साल जाड, आत बी, आणि चव अशी की जीभ टाळूला चिकटून बसली, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी.

"मिरी लागली का?" दिरांनी माझ्या यजमानांना विचारलं.

यजमानांनी बराच वेळ तोंड हलवलं. "लागते आहे... थोडी," म्हणाले. त्यांचा स्वभावच गरीब.

अक्काने बी थुंकलं. "मिरी नाही, तुरटी आहे. दाढी करून घ्या."

दीर उरलेला घोस डब्यात घालून मद्रासला दाखवायला निघाले. पण आधी इथल्या हॉलशेजारच्या कंपनीच्या खोलीवर गेले. तिथे कंप्युटर क्लास लागला होता. आत पोरं टकटक करत बसली होती. फोन लावला तर मद्रासला कुणी उचलेना. दीर डबा घेऊन घरी आले, हातपाय धुतले, आणि जेवायला बसल्यावर लोट्याकडे बघून म्हणाले, "भात नको म्हणावं."

दोन वर्षांची मुदत कधीच उलटून गेली होती. माझ्या पैशांचं नाव कुणी काढेना. मी यजमानांना विचारलं. "दादाला कसं विचारू? त्याचंच एवढं नुकसान झालंय," ते म्हणाले. अक्काला विचारलं. तिने आधी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "अगे, माझ्या नवऱ्याला मी बाकी सगळं बोलते. पैशाचं बोलले तर ते माझ्या माहेराचं काढतात." म्हणजे जी एक जीभ घरात होती, तीही ह्या बाबतीत अडकलेली.

मेसवाला एका सकाळी आला आणि सांगून गेला, की त्याने पिठाची सोय दुसरीकडे केली.

त्याच सकाळी मी वेलाला पाणी घालत होते. दीर मागच्या ओसरीवर खांबाआड पेपर वाचत होते. ते तिथे आहेत हे मला माहीत होतं, पेपरचा कोपरा दिसत होता. मी बादली उपडी केली. माझे कान लाल झाले होते, पण वेलाला कान दिसत नाहीत. मी म्हणाले, "दुरै, पोट भरलं का?"

पेपर हलला नाही.

"तुम्ही बसल्या जागी पिता, आमची ना नाही. पाहुणे आहात. पण दुरै, आमचं ग्राइंडर तुमच्या पोटात आहे. ते कधी द्याल?"

मी कुणाशी बोलले नव्हते. झाडाशी बोलायला आमच्यात कुठली मनाई नाही. बायका तुळशीशी बोलतात, पिंपळाशी बोलतात, मी दुरैंशी बोलले. पण भिंतीपलीकडे हार विणणं थांबलं होतं आणि स्वयंपाकघरातली फोडणीही बहुतेक जळत होती.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका फुलं घेता घेता फुलवालीला विचारत होत्या, "दुरैंनी दिले का?" आणि दीर बसमधून उतरून त्यांच्यामधून घरी आले. आता कुणी दुरै म्हटलं की तो वेल की ते, हे त्यांनाही सांगता येईना, आणि विचारायची सोय नव्हती.

पगार झाला त्या दिवशी विहिरीशेजारच्या साबणाच्या कोनाड्यात दगडाखाली पाचशे रुपये होते. मी पाणी घालायला गेले तर दीर वेलासमोर उभे. माझ्याकडे पाठ करून ते वेलाला म्हणाले, "ह्या महिन्यात एवढंच जमलं. पुढच्याचं बघू."

ते ओसरीवर जाऊन बसले. मी वेलाला म्हणाले, "बघू म्हणजे काय, दुरै? बघायला आम्ही रोज येतोच."

असं सुरू झालं. वाढताना भिंत आणि लोटा होतेच. आता परसात वेल होता, आणि त्या दोघांपेक्षा तो फार बोलका निघाला. एखाद्या महिन्यात दीर वेलाला सांगायचे, "दिवाळी आहे." मी पाणी घालताना म्हणायचे, "दिवाळी आम्हालाही असते, दुरै. आम्ही चुलीपुढे करतो एवढंच." पुढच्या दिवशी कोनाड्यात दोनशे तरी असायचे. अक्का म्हणायची, "ह्या वेलाला द्राक्ष येवो न येवो, कान मात्र छान फुटलेत." मी पाणी घालायला निघाले की यजमान बाहेर जाऊन सायकल पुसत बसायचे. त्यांना मध्ये यावं लागत नव्हतं ह्याचं त्यांना किती बरं वाटत होतं, ते त्या सायकलकडे बघून कळायचं.

निम्म्याहून थोडे जास्त फिटले आणि दिरांना युक्ती सुचली. वेलच काढून टाकायचा. जागा अडते, पानं पडतात, आणि वेल नसला की बोलणंही बंद. एका रविवारी ते कोयता घेतलेला माणूस घेऊन आले. मी विहिरीवर होते. त्या माणसाने धोतर खोचलं, बुंधा बघितला आणि कोयता उचलला.

मला वाटतं मी जन्मात एवढ्या मोठ्याने कधी बोलले नसेन. मी वेलाला म्हणाले, "दुरै, निघालात? आणि बाकी कोण देणार?"

त्या माणसाचा हात वरच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, वेलाकडे बघितलं, मग भिंतीवरून बघणाऱ्या फुलवालीकडे.

"अम्मा झाडाशी बोलतात?" त्याने विचारलं.

"रोज," फुलवाली म्हणाली. "आणि झाड पैसे देतं."

त्याने कोयता खाली ठेवला, वेलाला हात जोडले आणि दिरांना म्हणाला, "सामी, असल्या झाडाला मी हात लावत नाही. माझी पोरंबाळं आहेत." येण्याची मजुरी मात्र त्याने मागून घेतली. दिरांनी ती दिली.

वेल राहिला. हप्ते चालू राहिले. होता होता चार हजार झाले. शेवटचे ठेवले त्या दिवशी दीर वेलासमोर उभे राहून, डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे म्हणाले, "फिटलं."

मी आदल्याच दिवशी अक्काला घेऊन दुकानात जाऊन आले होते. हिरवं ग्राइंडर होतं, तेच. बाहेरचं आत आलं की सगळं स्वस्त होणार होतं, पण ग्राइंडरपर्यंत ते पोचलं नव्हतं. किंमत सहाशेने वाढली होती. ह्या वेळी किंमत मी स्वतः विचारली. अक्का इतकी चकित झाली की दुकानदाराला काही बोलायचंच विसरली.

मी बादली भरली, वेलाच्या बुडाशी ओतली आणि म्हणाले, "दुरै, आम्ही तुम्हाला रुपये दिले नव्हते. ग्राइंडर दिलं होतं. ग्राइंडर आता सहाशेने महाग आहे."

ओसरीवर पेपरची घडी झाली. आवाज आला तो भिंतीपलीकडून. फुलवाली हार विणता विणता स्वतःशीच म्हणाली, "खरं आहे, खरं आहे."

पुढचे काही दिवस दीर मागच्या ओसरीवर आले नाहीत, पेपर पुढच्या ओसरीवर वाचला. मग पगार झाला. सकाळी मी परसात आले तर ते वेलासमोर उभे होते, बूट घालून, कचेरीला निघायच्या तयारीत. कोनाड्यात दगडाखाली नोटा होत्या. त्यांनी वेलाचं एक वाळकं पान तोडलं, हातात चुरडलं आणि पानालाच विचारल्यासारखं म्हणाले, "मोजून घ्यावे म्हणावं. आता काही राहिलं का म्हणावं."

मी दगड उचलला. सहा नोटा, शंभराच्या. मी वेलाला म्हणाले, "काही नाही राहिलं, दुरै. सगळे पोचले."